बेदाण्याच्या पिठल्याचा पहिला नंबर

मला एक सांगा, यंत्र कधी वशिला लावतं का? नात्यागोत्याकडं बघतं का?

नाही ना? मीसुद्धा हेच म्हणत होते. आणि मनातल्या मनात नाही, चांगलं माईकवर, गावातल्या सत्तर-ऐंशी बायांसमोर! त्यानंतर माझी जी शोभा झाली, ती ऐकाच.

आमचं गाव तासगावच्या अंगाला. मी दहावी शिकलेली, पोरं मार्गी लागलेली, पन्नाशी गाठलेली. गावच्या शाळेत दुपारी बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तर मी पहिल्याच दिवशी जाऊन पुढच्या बाकावर बसले. नुसतं टायपिंग शिकून थांबले नाही हं! प्रोग्रॅम लिहायला शिकले. त्यातलं 'जर-तर' तर मला लगेच कळलं. अहो, आपण सुनेला सांगतोच की, दूध वर आलं तर गॅस बंद कर, नाहीतर राहू दे. तेच यंत्राला सांगायचं. जन्मभर दुसरं काय केलंय आपण?

आमच्या महिला मंडळाची दरवर्षी बेदाण्याच्या पदार्थांची स्पर्धा असते. पहिली येणारी दुसऱ्या दिवशी सांगलीला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जाते. यंदा माझी धाकटी जाऊ सुलभा ईर्षेला पेटली होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण बिचारी कधी एकटी तासगावच्या बाजारापुढं गेली नव्हती. आठ दिवसांत चार वेळा वड्या करून बघितल्या तिनं. साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली.

"आक्का, नंबर आला तर मी एकटी यष्टीनं जाईन बगा," म्हणायची.

आता स्पर्धा म्हटली की गुणांवरून रुसवेफुगवे आलेच. मी म्हटलं, यंदा मी प्रोग्रॅम करते! तीन परीक्षकांनी एकेक करून लॅपटॉपसमोर यायचं, प्रत्येकीला दहापैकी गुण टाकायचे. एकाचे गुण दुसऱ्याला दिसणार नाहीत. जर हिचे गुण आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा जास्त, तर हिचं नाव वर ठेव. शेवटी पडद्यावर फक्त दोन नावं: पहिला नंबर, आणि शेवटचीला उत्तेजनार्थ. आहे का भांडणाला जागा?

घरी दहादा तपासून बघितला. कुणाला तिन्ही वेळा पाच दिले, कुणाला सात, कुणाला आठ. अगदी बरोबर उत्तर यायचं! या नादात माझ्या स्वतःच्या पदार्थाला वेळच उरला नाही. ऐन वेळी बेदाण्याचं पिठलं केलं. हसू नका. नवीन काहीतरी करावं माणसानं.

परीक्षक कोण? शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका बाई, लग्नाचा स्वयंपाक करणारे तात्या आचारी, आणि फौजेच्या लंगरात हयात घालवलेले सुभेदारकाका. तिघांनी याच क्रमानं गुण टाकले. मी ऐटीत बटण दाबलं.

प्रथम क्रमांक: वंदना. म्हणजे मीच!

टाळ्या जरा दबकत वाजल्या, पण मला कुठलं भान? शाल घेतली, नारळ घेतला. मग दुसरं नाव वाचलं. शेवटचा क्रमांक: सुलभा.



सुभेदारकाका तात्यांकडं वळले. "तात्या, जिभंला चव हाय का न्हाई तुमच्या? असल्या वड्या खाली घातल्यासा!"

"मी? तुमीच घातल्या असतील! लंगरातली डाळ खाल्लेला गडी, वडीतलं काय कळतंय तुमाला!"

"दोघंही आवाज खाली करा," बाई म्हणाल्या.

"मग बाई, तुमीच केलंसा हे!" आता दोघं एक झाले.

मी माईक ओढला. "भांडू नका! यंत्र वशिला लावत नाही. ते कुणाची जाऊ नाही, कुणाची नणंद नाही. त्याचा निकाल म्हणजे निकाल!"

सुलभा ताट फडक्यानं झाकत होती. हळूच म्हणाली, "आक्का, पिठल्यापरीस वाईट व्हत्या व्हय माज्या वड्या?"

आणि मी काय म्हणाले असेन? "पुढच्या वर्षी साखर जरा बेतानं घाल गं." अजून आठवलं की कान गरम होतात.

तिचा चेहरा बघून बाईच उठल्या. "तोंडी सांगूया. मी सुलभाला दहा दिलेत."

"मी बी दहाच," तात्या म्हणाले.

"पूरे दस!" सुभेदारकाका.

तीसपैकी तीस, आणि शेवटचा नंबर? सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी घाम पुसत लॅपटॉपला एकूण गुण दाखवायला सांगितले. सुलभापुढं आकडा आला, १०१०१०.

तात्यांनी बोटावर मोजलं. "एकं, दहं, शतं... एक लाख एक हजार दहा! तिसातलं!"

"लाख मार्क पडून शेवटची?" सुभेदारकाका ओरडले. "मग पयलीला किती, कोटी?"

पहिलीला नऊशे तेवीस होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गात मॅडमनी घसा फोडून सांगितलं होतं, आपण टाइप केलेले आकडेसुद्धा यंत्राला अक्षरंच वाटतात. हे आकडे आहेत, असं वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलंच नव्हतं! त्यानं बेरीज केलीच नाही, दहाला दहा चिकटवले. आणि अक्षरांत लहान-मोठं ठरवताना ते आधी पहिलं अक्षर बघतं. माझं पहिलं नऊ, सुलभाचं एक. नऊ मोठे, विषय संपला! दहा म्हणजे त्याच्या लेखी एकानं सुरू होणारं बारकं काहीतरी. आणि घरी तपासताना मी एकदाही दहा टाकले नव्हते. आमच्या वेळच्या शाळेत दहापैकी दहा कधी कुणाला दिलेले आम्ही पाहिलेत का?

पण एक अभिमानानं सांगते. चूक माझी, शोधली मी, आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या दुरुस्तही मीच केली. पुन्हा बटण दाबलं. पहिली सुलभा, तीस गुण! हॉल असा दणाणला की काय सांगू! माझ्याच हातानं शाल तिच्या खांद्यावर घातली. माझी जाऊ आणि माझा प्रोग्रॅम, दोन्ही एकदम खरे ठरले.

शेवटची मी. नऊ, दोन आणि तीन मिळून चौदा.

"तरी बाईंनी नऊ दिले की!" मी म्हटलं. "एकीला तरी पिठलं आवडलं!"

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "वंदना, ते नऊ तू या वयात कॉम्प्युटर शिकलीस म्हणून दिले. पिठलं मी चाखलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं सुलभा वड्यांचा डबा मांडीवर घेऊन एकटी सांगलीला गेली.