गजेंद्र फौजीचं मरण

आमचा शेजारी गजेंद्र फौजी पेन्शनीत आल्यापासून वावरातली वांगी-मेथी अनसिंगच्या बाजारात विकतो. ढेरी सुटली, पण कुत्रं भुंकलं तरी त्याला "सावधान!" म्हणतो. एकाच प्रश्नाला तो टरकतो. लढाईत त्याच्या मांडीवर प्राण सोडलेल्या सोबत्याची, मोहनसिंगची बायको हेमला दर बाजारी विचारते, "भाऊ, मरतानी काय बोलले ते?"

"जय हिंद बोलला, वैनी," गजेंद्र ठोकून देतो. हेमला मान हलवते. पटत काही नाही तिला.

यंदा गणपतीत मंडळानं लढाईचं नाटक बसवलं. लेखक-दिग्दर्शक नवीन नावाचा मोबाइल दुकानवाला. मरणाऱ्या जवानाला त्यानं लांबलचक भाषण दिलं, वर एक गाणं. जवान अर्थातच गजेंद्र. पडद्याआडून संवाद पुरवायला मी, कारण गप्प बसणं मला जमत नाही.

तालमीत गजेंद्र म्हणाला, "गोळी लागल्यावर एवढं कोनी बोलत नाही रे."

"मंग काय करते?" नवीननं विचारलं.

"मायले हाका मारते. पानी मांगते."

"त्याले शिट्ट्या पडतीन का काका? लोक मजा पाहाले येतात."

"समोर हेमला वैनी बसन, नवीन."

"म्हनूनच म्हनतो! तिच्यासमोर खरं कायले?"



आमच्याकडची रीत अशी की कुणी दिलेलं बक्षीस पुकारलं की नटानं, मेला असला तरी, उठून हात जोडायचे. प्रयोगात गजेंद्र गोळी खाऊन पडतो न पडतो तोच मंडळाच्या मारोतरावांनी माइकवर बक्षीस पुकारलं. मुडदा उठला, सलाम ठोकला, परत मेला. दुसरं बक्षीस. परत उठला! अंगावरून रक्त म्हणून लावलेला बिटाचा रस गळून राह्यला आणि मांडव हसून लोळून राह्यला.

मी भाषण पुरवलं, "हे मायभूमी..." गजेंद्र चूप. मी आणखी जोरात, "हे मायभूमी!" मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं ओ दिली.

गजेंद्रनं हेमलाकडे पाहिलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "पानी दे रे गज्या... माय वं... लय दुखून राह्यलं. मी रडलो, हे हेमलाले सांगू नोको."

मारोतरावांनी सवयीनं आणखी एक बक्षीस पुकारलं. मुडदा हलला नाही.

हेमला पदर खोचून थेट स्टेजवर चढली. "भाऊ, खरंच रडले ते?"

"हो वैनी," मुडदा बोलला. "त्यानंच सांगू नोको म्हनलं होतं."

"अन् तुमी मले जय हिंद सांगत होते! लग्नात पायात काटा मोडला तं भर मांडवात भोकाड पसरलं होतं त्यायनं. ते असे कडक मरतीन, मले पटनच कसं?" ती हसत होती आणि नाक पुसत होती. "पानी देल्लं का पन?"

"देल्लं. दोन घोट पेला."

"पडदा! पडदा पाडा!" नवीन ओरडला.

"थांब रे!" हेमला तिथंच मांडी घालून बसली. "भाऊ, उठून बसा. आता सारं सांगा."

आणि लालभडक गजेंद्र उठून बसला, सांगू लागला.