गंजाशी भांडणारे चाचा

अख्ख्या रत्नागिरीत समुद्राच्या वाऱ्याचा मनापासून राग करणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. संध्याकाळी लोक हवा खायला किनाऱ्यावर जात, तेव्हा चाचा खिडक्या लावून घेत. "ही हवा आपण खात नाय गो, ही आपल्याला खाते," असं ते म्हणत. 'आपल्याला' म्हणजे लोखंडाला. माणसांची त्यांना एवढी काळजी वाटत नसे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढून ते सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून, निवृत्त झाले होते. पण कुणी देशोदेशीच्या गोष्टी विचारल्या की म्हणत, "मी दोनच कामं केली. गंज खरवडला नि रंग लावला. देश बघायला वेळ कुणाला हुता?"

त्यांच्या पिशवीत एक टोकदार हातोडी, तारेचा ब्रश आणि तांबड्या रंगाचा छोटा डबा कायम असे. पिशवी बाजाराला निघाली काय आणि मिरकरवाड्यात मासळी आणायला निघाली काय, या तीन वस्तू तिच्यात असतच. वाटेत कुणाचं फाटक दिसलं की ते हातोडीने दोनदा टकटक करत आणि मान कलती करून ऐकत. आवाज स्वच्छ आला तर पुढे जात, बसका आला तर घरमालकाला हाक मारत. एकदा एका लग्नात नवरीला आलेलं नवं कोरं लोखंडी कपाट त्यांनी चार पाहुण्यांना हाताशी धरून आडवं पाडलं आणि त्याच्या तळाला रंग लावून दिला. नवऱ्या मुलाकडच्यांना वाटलं, काहीतरी रीत असेल. ते अदबीने उभे राहिले. घरी आल्यावर चाची म्हणाल्या, "लोक आहेर करतात, आमचे हे रंगकाम करतात." चाचा म्हणाले, "आहेर दोन दिवसांत संपतो. कपाट बघ, नातवंडं वापरतील."

बी.कॉम. झाल्यावर २००१ साली मला आंब्याचा रस डब्यात भरून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून साहेबांनी परदेशाची पत्रं माझ्याकडे दिली. पत्रांत मी भरपूर बोलत असे, कारण तिथे कुणी समोर नसे. समोर माणूस आला की माझं वाक्य अर्ध्यावर विरघळायचं. चाचा त्याच कारखान्यात कंटेनर तपासायला येत. मुंबईहून रिकामा कंटेनर ट्रेलरवर यायचा, आमच्या इथे भरायचा आणि परत बंदराला जायचा. तो भरण्याआधी चाचांनी "चांगला हाय" म्हणावं लागे. कारण कंटेनर दिवसा उन्हात तापतो, रात्री समुद्रावर गार पडतो, आणि आत ओल राहिली असेल तर छताला घाम येऊन तो डब्यांवर ठिबकतो. खारं पाणी शिरलं तर विचारायलाच नको.

चाचांची तपासणी बघायला लोडिंगचे कामगार हातातलं काम टाकून येत. आधी ते चारी बाजूंनी हातोडी वाजवत फिरत. रंगाला ओरखडा दिसला की तिथे घासून तांबडा रंग लावत, एखाद्या मुलाच्या गुडघ्याला औषध लावावं तसा, फुंकर घालून. मग दाराच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावत आणि पट्टी ओढून बघत. सहज निघाली तर रबर गेलं. शेवटी पिशवीतून फणसाचा पापड निघे. तो भाजलेला पापड आतल्या लाकडी फळीवर ठेवून ते दार बंद करत आणि तासभर बाहेर बसत. तासाने पापड कुडकुडीत राहिला तर फळी कोरडी. तेव्हा ते तो सगळ्यांसमोर मोडून खात आणि हात झटकत. मऊ पडला तर कंटेनर उन्हात उघडा ठेवायचा हुकूम सुटे. "परदेशात याला मशीन आहे म्हणतात," साहेब एकदा म्हणाले. चाचा म्हणाले, "असेल. पण मशीन खाता येतं काय?"

या सगळ्यात एक परीक्षा मात्र मोठी होती. कंटेनरमध्ये एकाने उभं राहायचं, बाहेरून दारं लावून घ्यायची आणि अंधारात बघायचं. पत्र्याला गंजाने भोक पडलं असेल तर तिथून उजेड दिसतो, टाचणीच्या टोकाएवढा का होईना. ही परीक्षा चाचा स्वतः करत. मी नोकरीला लागले त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला बोलावलं. "बाय, तू आत जा. माझा दम कोंडतो हल्ली." मी गेले. पण दम कोंडणारा माणूस हातोडी घेऊन शिडीवर कसा चढतो, हे माझ्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. कागदावर सही करताना ते कागद नाकाला लावत. समोरून मी आले तर माझ्या चपलांचा आवाज ओळखून हाक मारत, आणि मी नव्या चपला घातल्या त्या दिवशी "कोण?" म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. चाचींनी आईला सांगितलं होतं, "साहेबाला कळलं तर काढतील म्हणून घाबरतात. म्हणतात, पाण्यावरून उतरवलं, आता जमिनीवरून पण उतरवतील." मला हे माहीत आहे, हे चाचांना माहीत असावं. आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही. मी आत उभी राहायची, ते दाराला कान लावून विचारायचे, "काय दिसतं?" आणि मी म्हणायची, "काही नाही." ते म्हणायचे, "मोठ्यानं बोल गो. लोखंड हाय मधे."

एका एप्रिलमध्ये ट्रेलर चार तास उशिरा आला. बोट गाठायची होती. चालक संध्याकाळच्या आत पालीच्या पुढे निघायचं म्हणून हॉर्न वाजवत होता, कामगार डब्यांचे खोके डोक्यावर घेऊन रांगेत उभे होते आणि साहेब येरझारा घालत होते. त्या दिवशी छत तपासायला शिडीही लावली नाही. मी आत गेले, दारं लागली. वरच्या कोपऱ्यात मला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. मान हलवली तर दिसेना, परत हलवली तर दिसलं. ते भोक होतं की उन्हातून आत आल्यामुळे डोळ्यांपुढे नाचणारं काही, हे मला ठरवता येईना. बाहेर वीस माणसं माझ्यासाठी खोळंबली होती. "काय दिसतं?" चाचांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही."

दोन महिन्यांनी ई-मेलवर फोटो आले. एका कोपऱ्यातल्या डब्यांना तांबूस गंज चढला होता, लेबलं गळून पडली होती. गिऱ्हाइकाने सगळा माल नाकारला होता. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "आत कोण गेलं होतं?" मी तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत चाचा म्हणाले, "साहेब, चूक माझी. मला दोन वर्षं धड दिसत नाय. तुमच्यापासून लपवलं मी." त्यांनी पिशवी उचलली आणि जाताना टेबलाच्या कडेला धडकले. साहेबांनी उठून त्यांना दारापर्यंत सोडलं. मी तिथेच उभी राहिले.

त्यांनी मग डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आठवडाभर मी धीर गोळा करत होते. शेवटी गेले, तेव्हा ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडवीत बसले होते. चाची चहा ठेवायला आत गेल्या आणि मी एका दमात म्हणाले, "चाचा, त्या दिवशी मला ठिपका दिसला होता."

"म्हायत हाय."

"कसं?"

"रोज 'काही नाही' म्हणतेस ते पटकन. त्या दिवशी मधे थांबलीस. तेव्हाच दार उघडून तुला परत विचारायला पायजे हुतं." चाची चहाचे कप ठेवून परत आत गेल्या. "पण तो हॉर्न मारत हुता, साहेब घड्याळ बघत हुते. मला वाटलं, जास्त विचारलं तर कुणीतरी म्हणेल, चाचा, तुम्हीच जाऊन बघा की. मग काय केलं असतं मी? तू लाजलीस, मी घाबरलो. चहा पी."

पुढे साहेबांनी दोनदा माणूस पाठवून त्यांना बोलावलं. ते गेले नाहीत. म्हणाले, "एकदा 'दिसत नाय' म्हणालो. आता 'दिसतं' म्हटलं तर कोण ऐकेल?"

कंटेनर आता मी तपासते. चालक हॉर्न वाजवतात आणि मी आतून "थांबा" म्हणते, चांगलं मोठ्याने. पण मी बोलताना कुठे अडखळले, हे ऐकायला दाराला कान लावून कुणी उभं नसतं.