ऑपरेशन त्याचं, अंथरूण माझं

माझ्या अंगाला सुरीसुद्धा लागली नव्हती, तरी मी तीन दिवस अंथरुणावर पडून होते. ऑपरेशन माझ्या नवऱ्याचं झालं होतं. तो सकाळी उठून दुकानात जाऊन बसत होता आणि मला बघायला बायका येत होत्या. बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. हे लिहिताना जमत नाही.

माझं माहेर मुडबीचं, सासर मन्नाएखेळ्ळीचं. हायवेला लागून आमचं जनावरांच्या पेंडीचं दुकान आणि मागं घर. लग्नाला नऊ वर्षं होत आली तरी मूल नव्हतं, आणि तोवर सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीत औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे झाला. त्या दिवशी कळा सोसत मी टेबलावर पडले होते आणि तो बाहेर चहा प्यायला गेला होता. प्रत्येक रिपोर्ट चांगला यायचा. चांगला आला की सासूबाई म्हणायच्या, "मशिनीला काय कळतंय. दुसरा डॉक्टर बघू." नवऱ्याला तपासा, असं दोन डॉक्टरांनी सांगितलंही होतं. त्यानं दोन्ही वेळा डॉक्टर बदलला.

शेवटी कलबुर्गीत एक डॉक्टरबाई भेटल्या. माझी जाडजूड फाइल त्यांनी उघडलीच नाही. "आधी यांचा नमुना द्या," त्या म्हणाल्या. "तोवर मी तुम्हाला एक गोळीसुद्धा लिहून देणार नाही." नमुना दिला. रिपोर्टात शुक्राणूंच्या पुढं शून्य होतं. काही आठवड्यांनी पुन्हा दिला. पुन्हा शून्य.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. वीर्यात शुक्राणू नसले तरी वृषणात कुठं कुठं तयार होत असू शकतात. बारीक चीर देऊन, दुर्बिणीखाली आतल्या नळ्या बघून ते शोधायचे. मिळाले तर गोठवून ठेवायचे आणि पुढं माझ्या शरीरातली बीजं काढून लॅबमध्ये गर्भ तयार करायचा. मिळतीलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये हुमनाबाद आल्यावर तो म्हणाला, "घरी काय सांगणार हायस?"

"जे हाय ते."

"न्हाई. आईला मी सांगतो."

आईला त्यानं खरं सांगितलं, एवढं मान्य करते. पण सासूबाईंनी गावासाठी ते फिरवलं. ऑपरेशन सुनेचं होणार, असं सगळ्या गल्लीत सांगून झालं, तेव्हा मी भाकरी थापत होते.

"असं कामून सांगितलं, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"बाप्याचं असलं सांगत नसत्यात. चार लोकांत बसतो त्यो. तुझं तर लोकांला आधीपासून माहीतच हाय."

माझं काय माहीत होतं लोकांना? मी नवऱ्याकडं बघितलं. तो ताटातली भाकरी मोडत राहिला. आणि मी ऐकून घेतलं. त्या दोघांचा राग येतो तेवढाच या एका गोष्टीसाठी मला माझाही येतो.

ऑपरेशन झालं. एका बाजूला थोडे शुक्राणू मिळाले, ते गोठवले. दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, लंगोट घट्ट बांधायचा, जड उचलायचं नाही, मोटरसायकलवर बसायचं नाही, आराम करायचा. घरी आलो तर बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलेलं. माझ्यासाठी.

धडधाकट माणसानं दुकान बंद कामून ठेवलं, असं कुणी विचारू नये म्हणून तो दुकानात गेला. मी पडून राहिले. बायका यायच्या, उशाशी केळी ठेवायच्या, माझ्या पोटाकडं बघायच्या. "टाके दुखायलेत का गं?" एकीनं विचारलं. मी "व्हय" म्हटलं. खोटं बोलायची मला लाज वाटली, आणि ज्यांनी खोटं बोलायला लावलं ते आत निवांत जेवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंची चुलतजाऊ आली. माझ्या पायाशी बसून सासूबाईंना म्हणाली, "पयल्यापासून खोट व्हती, तर माहेरच्यांनी लग्नाआधी सांगायचं व्हतं."

सासूबाई म्हणाल्या, "आता काय करायचं. आमचं लेकरू चांगलं म्हणून निभावलं."

तेवढ्यात तो दारात आला. चौकट धरून उभा. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. हमाल जेवायला गेला होता आणि गिऱ्हाइकाची दोन पोती यानं स्वतः टेम्पोत चढवली होती. 'मला उचलता येत न्हाई' एवढं म्हणायला त्याची जीभ वळली नव्हती. पायजम्यावर रक्त दिसत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "आत जा रे. बायका बसल्यात."

मी उठले. पांघरुणाची घडी घातली, हे मला चांगलं आठवतं. मग म्हटलं, "ऑपरेशन माझं न्हाई झालं. ह्यांचं झालंय. ह्यांच्या तपासणीत शून्य निघालं. माझे सगळे रिपोर्ट चांगले हायत. बघायचे असले तर कपाटातून काढून दाखवते."

शेजारच्याची जीप बोलावली, त्याला मागं आडवं केलं आणि कलबुर्गीला निघाले.

वाटेत तो म्हणाला, "तुला बोलायची काय गरज व्हती? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

"नऊ वर्षं मी कोणतं तोंड घेऊन फिरायलेय?"

त्यानं डोळे मिटले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते ढकलून द्यावं असं मला वाटत होतं. ढकललं नाही.

आत रक्त साचलं होतं, ते काढावं लागलं. पोती उचलायला कुणी सांगितलं होतं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. पाच दिवस आम्ही तिथं होतो. घरचं कुणी आलं नाही.

पुढं गोठवलेल्या शुक्राणूंवर दोनदा प्रयत्न झाला. इंजेक्शनं पुन्हा मलाच. दोन्ही वेळा गर्भ राहिला नाही. मग आम्ही थांबलो. मूल झालं असतं तर, झालं गेलं विसर, असं सगळ्यांनी मला सांगितलं असतं. झालं नाही, तेव्हा विसरायचं बंधनही माझ्यावर नाही.

गेल्या वर्षी त्याचा मावसभाऊ दुकानात आला. बायकोला दाखवायचं होतं, डॉक्टरचा पत्ता हवा होता. मी आतल्या दारात उभी होते. दुकानात आणखी दोघं-तिघं होते. नवरा म्हणाला, "आधी तू तपासून घे. आमच्यात दोष माझा व्हता." आवाज खाली न घेता म्हणाला.

दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांत ते गेलं. करजगीहून माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला. "आमच्या भावाचं मन किती मोठं बघ," अक्का म्हणाल्या. "चार लोकांत असं बोलायला छाती लागती."

"व्हय, लागती," मी म्हटलं. "मी बोलले तवा तुम्ही काय म्हणला व्हता, अक्का?"

त्या म्हणाल्या होत्या, घराची अब्रू वेशीला टांगली.

"ते आता कामून काढायलीस?" अक्का म्हणाल्या.

मी फोन ठेवला. दुकानातून त्यानं विचारलं, "कुणाचा व्हता?"

"अक्कांचा. तुमचं कौतुक करायला केला व्हता."

तो म्हणाला, "तुला काय म्हणाली?"

"मला काही न्हाई," मी म्हटलं.