चालती हाये म्हनूनच

गजभिये भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते त्यांच्या मोटारीसमोर वाकलेले होते. आम्ही नुकतेच साताऱ्याहून जयपूरला आलो होतो. ह्यांची विमा कचेरीत बदली झाली होती आणि बनी पार्कमधल्या शर्माजींच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला होता. खाली रेल्वेतलं एक नागपूरकडचं कुटुंब राहतं एवढंच कळलं होतं. संध्याकाळी मी गॅलरीत उभी होते, तर एक जुनी, गोल पाठीची, मळकट पांढरी मोटार फाटकातून आत आली. तिच्यातून एक उंच माणूस उतरला आणि घरात जायचं सोडून गाडीभोवती फिरायला लागला. प्रत्येक चाकापाशी वाकायचा, चाकाच्या मध्यावर हाताची पाठ टेकवायचा, जरा थांबायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचा. मला वाटलं, तिकडचा काहीतरी नवस असणार.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मुळात गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही. मी खाली जाऊन सरळ विचारलं, "भाऊजी, ही कसली पूजा?"

"पूजा नाही वहिनी," ते म्हणाले. "ताप पाहून राहिलो."

स्टेशनात येणाऱ्या गाड्यांचे डबे तपासणं हे त्यांचं काम. गाडी फलाटावर थांबली की हे खाली उतरून चाकांशेजारच्या खोक्यांना हात लावत जायचे. आतलं ग्रीस सुकलं की ती जागा तापते, आणि तापलेली जागा वेळेवर सापडली नाही तर पुढे काय होईल ते सांगायला नको. "लोखंड बोंबलत नाही वहिनी. पहिले तापते. मंग मोडते." तळहात कामानं राठ झालेला असतो, त्याला थोडी ऊब कळत नाही, म्हणून हाताची पाठ. लेकराचा ताप आपण जसा बघतो तसाच. फलाटावरची ही सवय त्यांनी घरच्या गाडीलाही लावली होती.

ही गाडी काही हौसेनं आलेली नव्हती. त्यांची मुलगी प्रज्ञा हिच्या डाव्या पायातली शक्ती लहानपणीच पोलिओनं गेली होती. त्या पायाला लोखंडी पट्ट्या आणि हातात काठी. शाळेत ती सायकलरिक्षातून जायची. रिक्षावाला भला माणूस होता, पण तिला उचलून बसवायचा आणि उचलून उतरवायचा. पोर तेरा-चौदा वर्षांची झाली तशी तिनं एक दिवस दप्तर कोपऱ्यात ठेवून दिलं आणि जाहीर केलं, "आजपासून मला कुणीही उचलणार नाही. मग शाळा सुटली तरी चालेल." आईनं समजावलं, रडून पाहिलं. पोरगी हलली नाही. बापानं दुसऱ्याच आठवड्यात एका निवृत्त साहेबाची ही गाडी घेतली, कारण तिची सीट बरोबर इतकी उंच होती की प्रज्ञा काठी टेकून, पाठ वळवून, आपली आपण आत सरकू शकत होती. गाडी तेव्हाच इतकी पळालेली होती की तिचा मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झाला होता.

म्हणजे हिशेब सरळ होता. गाडी चालली तर पोरगी शिकेल, गाडी अडली तर पोरगी घरी. हे भाऊजींनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बायको सुमनताई गाडीला 'थोरली' म्हणायच्या. "थोरलीचं पानीबिनी झालं काय? मंग धाकटीले घेऊन निघा."

थोरलीची सकाळ आमच्या घरातल्या कुणाच्याही सकाळीपेक्षा शिस्तीची होती. आधी झाकण उघडून पाणी बघायचं, मग तेलाची पट्टी ओढून तेल दोन बोटांत चोळून बघायचं. रबरी नळ्या दाबायच्या, मेथीची जुडी घेताना देठ दाबतो तशा. इंजिन सुरू केलं की लगेच निघायचं नाही. ते जरा गरम होऊ द्यायचं. आंधी, म्हणजे वाळूचं वादळ, येऊन गेली की जयपूरभर बाया घरातली वाळू झाडत असायच्या आणि भाऊजी गाडीची हवेची जाळी खोलून बसलेले असायचे. "आपल्या नाकात गेली तर आपन शिंकतो. हिले शिंकता येत नाही."

पण खरं वेड मे महिन्यात दिसायचं. शाळा-कॉलेजला सुट्टी लागली की धडधाकट चालणारी गाडी हा माणूस खोलून ठेवायचा. ब्रेक, चाकं, पंप, सगळं सतरंजीवर मांडलेलं. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा चांगला असला तरी काढून नवा घालायचा. घरमालक शर्माजी एकदा उन्हात छत्री धरून हे सगळं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "गजभियेजी, अच्छी-भली चल रही है, क्यों खोल रहे हो?"

"चल रही है, इसीलिए," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाले, "बंद पडल्यावर कोनीबी खोलते वहिनी. चालती हाये म्हनूनच खोलून पाहाची. रेल्वेत डबा चांगला पळत असला तरी त्याची पाळी आली का वर्कशॉपात जातेच. अन् हा जुना पट्टा फेकत नाही मी. डिक्कीत ठेवतो. चांगला हाये तवाच काढला, तर वक्ताले कामी येईल."

'चालती हाये म्हनूनच' हे आमच्या घरातही बोधवाक्य होऊन बसलं. ह्यांनी कपाट आवरायला काढलं की मीही तेच म्हणायचे.

पुढे नव्या छोट्या गाड्या आल्या. बनी पार्कात एकेका फाटकात एकेक चकचकीत गाडी उभी राहायला लागली. शर्माजींनी घेतली, आणि भाऊजींना सल्लाही दिला की हा खटारा आता विका. भाऊजी हसले. मला नंतर म्हणाले, "नवी गाडी पाहुनी असते वहिनी. कुठं रुसंल सांगता येत नाही. हिचे सारे दोष मले पाठ हायेत." ते खरंच पाठ होते. प्रज्ञाच्या बी.कॉम.च्या शेवटच्या पेपराला मी मागच्या सीटवर होते, मला बाजारात सोडणार होते म्हणून. चांदपोलच्या गर्दीत, वर सूर्य आग ओकत असताना, गाडी धपकन बंद पडली. मी दार उघडून उतरायलाच निघाले. भाऊजी शांतपणे उतरले, पाण्याच्या डब्यातून ओलं फडकं काढलं आणि इंजिनाजवळच्या तापलेल्या पंपावर गुंडाळलं. प्रज्ञानं वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "काकू, घाबरू नका," ती म्हणाली, "तिला ऊन लागलंय. बाबा आता पाणी पाजतील, ती निघेल." आणि निघाली.

त्याच मुलीला नोकरी लागली तेव्हा खरी परीक्षा आली. सरकारी कचेरी, तीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टोंक रोडवर. भाऊजींची पाळी आता कधी पहाटेची, कधी दुपारची. रोज ने-आण करणं जमणार नव्हतं. सुमनताई म्हणाल्या, ड्रायव्हर ठेवा. प्रज्ञानं सरळ मान हलवली, नको. भाऊजी विश्वकर्मा भागातल्या एका लेथवाल्याकडे जाऊन बसले आणि क्लच पायाऐवजी हातानं दाबता यावा अशी एक लोखंडी दांडी करून घेऊन आले. ती बसेना, पुन्हा गेले. जड पडली, पुन्हा गेले. लेथवाला कंटाळला, हे कंटाळले नाहीत. शेवटी ती बसली. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर प्रज्ञा गाडी शिकली आणि रीतसर परवानाही मिळाला. आम्ही पेढे खाल्ले. मला वाटलं, झालं आता.

पण किल्ली काही तिच्या हातात येईना. भाऊजींचं म्हणणं, रस्त्यात चाक पंक्चर झालं तर? जोवर चाक एकटीनं बदलत नाही तोवर किल्ली नाही.

तो दिवस मला विसरता येत नाही. अंगणात सतरंजी टाकलेली, तीवर प्रज्ञा बसलेली, पट्ट्यांचा पाय एका बाजूला लांब केलेला. चाकाच्या नटांशी तिची झटापट चाललेली. नट घट्ट, पाना सटकायचा, हाताचं सालटं निघालं. भाऊजी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. सुमनताई खिडकीत पदर तोंडाला लावून. मला सहन होईना. मी म्हटलं, "भाऊजी, कसले बाप हो तुम्ही? तेवढा एक नट सैल करून दिलात तर काय तुमचं साम्राज्य बुडणारे?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हात लावला तर चाक निघंल वहिनी. उद्या टोंक रोडवर मी कुठून येऊ?"

"बाबा, पाइप कुठे आहे?" प्रज्ञानं विचारलं. तिचा आवाज रडका नव्हता, चिडका होता.

"डिक्कीत. तुले माहीत हाये."

ती काठी घेऊन उठली, डिक्कीतला लोखंडी पाइप आणून तिनं पान्याच्या दांड्यावर चढवला, दांडा लांब केला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. नट कुरकुरला आणि फिरला. मग दुसरा. दुपार झाली तेव्हा चाक बदललेलं होतं आणि पोरगी ग्रीसनं कोपरापर्यंत काळी. भाऊजींनी किल्ली दिली. शाबासकी वगैरे काही नाही. नवं चाक हलवून बघितलं आणि म्हणाले, "घट्ट हाये." मग घरात गेले. सुमनताईंनी मला नंतर सांगितलं की मोरीत तोंड धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

हा माणूस मला मनापासून आवडायचा, आणि म्हणूनच त्याचा राग यायचा. त्या हिवाळ्यात जिना चढून आमच्याकडे चहाला आले की ते छातीवर हात धरून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, गॅस झाला. मी म्हटलं, "दर मे महिन्यात गाडी खोलता. एकदा स्वतःला खोलून घ्या की डॉक्टरकडून." ते हसून म्हणाले, "आपलं काय वहिनी. आपन चालतो तोवर चालतो." जगातल्या प्रत्येक चाकाचा ताप बघणाऱ्या माणसानं स्वतःच्या कपाळाला कधी हाताची पाठ लावली नाही. मी भांडले, ह्यांनी समजावलं. पुढच्या महिन्यात जातो म्हणाले.

पुढच्या महिन्यात, थंडीच्या एका सकाळी, फलाटावर उभ्या गाडीचे डबे तपासता तपासता ते खाली बसले आणि उठले नाहीत. त्यांच्याबरोबरचे लोक सांगत होते की हात अजून त्या डब्याच्या चाकापाशीच होता.

नागपूरहून नातेवाईक आले, बुद्धवंदना झाली, माणसं परत गेली. जाताना प्रज्ञाचे मामा म्हणाले की गाडी विकून टाक, एकट्या पोरीनं कुठवर ओढायची. ती "बघते" म्हणाली. सुमनताई तर बोलतच नव्हत्या. रडतही नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या, पुढ्यातलं ताट तसंच.

सोमवारी सकाळी खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीत आले. गाडी गरम होत उभी होती आणि प्रज्ञा काठी टेकून दारात.

"काकू, खाली या. आई, तूही चल. बसा."

"कुठं?" सुमनताईंनी विचारलं. कित्येक दिवसांत मी ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द.

"दवाखान्यात. दोघींची तपासणी करायची. मी आज रजा टाकलीय."

"मले काय झालं?" सुमनताई म्हणाल्या. "चांगली चालून फिरून राहिली मी."

"हो ना," प्रज्ञा म्हणाली. "चालते आहेस म्हणूनच."

मी चपला घातल्या आणि खाली उतरून मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले. मुकाट्यानं बसण्याचा तो माझ्या आयुष्यातला बहुधा एकुलता एक प्रसंग. सुमनताई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या, मग पदर खोचून आल्या.

दवाखान्यात आमची नाडी, रक्तदाब, सगळं पाहून झालं. सुमनताईंचा रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. औषधं घेऊन आम्ही बाहेर आलो तर प्रज्ञा गाडीत नव्हती. ती गाडीभोवती फिरत होती. काठीवर भार टाकून वाकायची, चाकाला हाताची पाठ टेकवायची, जरा थांबायची, पुढच्या चाकाकडे जायची. सुमनताई पायरीवरच थांबल्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं तिथे, त्या भर आवारात, रडून मोकळं केलं. मीही रडले. लाज कसली त्यात.

प्रज्ञा शेवटच्या चाकापाशी जरा जास्त थांबली. मग सरळ झाली, हात ओढणीला पुसला आणि आमच्यासाठी मागचं दार उघडलं.

"डावं मागचं थोडं तापलंय," ती म्हणाली. "चला, हळू हळू जाऊ. घरी गेल्यावर खोलून बघते."