स्लावाच्या दिवशी बंद दार

समजा, तुमच्या कानावर हेडफोन आहे. पलीकडे एक बाई किंचाळतेय, तिचा नवरा जमिनीवर कोसळलाय. तुम्ही तिच्याकडून पत्ता काढायचा, रुग्णवाहिका रवाना करायची आणि गाडी पोचेपर्यंत तिला त्याची छाती दाबायला लावायची. गाडी पोचली की फोन तुटतो. तो जगला की गेला, हे तुम्हाला कधीच कळत नाही. पुढचा फोन वाजत असतो.

पश्चिम सर्बियातल्या आमच्या गावात रुझित्सा हे काम वर्षानुवर्षं करत होती. रुग्णवाहिकेच्या त्या केंद्रातली फोनची यंत्रणा मी सांभाळतो. त्या पानगळीत ती सारखी माझ्या टेबलापाशी यायला लागली.

"नेमान्या, हेडफोन बिघडलाय. फोन नसला तरी रिंग ऐकू येते."

मी बदलून दिला. ती पुन्हा आली. मी तार तपासली, जोडण्या तपासल्या.

"यंत्रात काही नाही, रुझाताई."

"मग काय माझ्या डोक्यात वाजतंय?"

दोघंही हसलो. तोवर तिचा डबा रोज अर्धा परत जात होता. साध्या गोष्टीवरून ती सहकाऱ्यांवर खेकसायची आणि सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्याची पाळी मागून घ्यायची. घरी जा म्हटलं की विचारायची, "माझ्या जागी कोण बसणार? तू?"

नोव्हेंबरात तिच्या सासरची स्लावा आली, म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. स्लावाला आम्ही कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि आलेल्याला घरात घ्यावंच लागतं. मी वाइनची बाटली घेऊन पोचलो, तर पाहुणे जिन्यातच उभे. दाराला आतून कुलूप, किल्ली आतून कुलपातच, त्यामुळे बाहेरून दुसरी लागेना. तिचा नवरा तिहोमिर म्हाताऱ्या आत्याला आणायला गेला होता. आता तोही आत्यासकट बाहेरच अडकला होता.

त्याचे चुलते झिवोयिन काका घंटेवरचा अंगठा काढायला तयार नव्हते.

"सूनबाई, संताच्या दिवशीही रांगेत उभं करतेस? आमचा नंबर कधी?"

जिन्यात हशा झाला. आतून तिचा आवाज आला, सपाट, कामावरचा.

"पत्ता सांगा."

लोक आणखी हसले. काकांनी ऐटीत तिच्याच घराचा पत्ता सांगितला.

"रुग्ण श्वास घेतोय का?"

आता कुणी हसलं नाही. तिहोमिरने काकांचा हात खाली ओढला.

"रुझा, मी आहे. आता कुणी घंटा वाजवणार नाही."

"वाजतेय अजून."

"काका, सगळ्यांना खाली न्या."

"अरे, पण स्लावा सोडून..."

"न्या म्हणतो ना."

पाहुणे बाटल्या सांभाळत मुकाट्याने उतरले. मी स्क्रू काढून घंटेचं झाकण उघडलं आणि तार तोडली.

"रुझाताई, नेमान्या बोलतोय. तार तोडलीय मी. आता ती वाजूच शकत नाही."

तिहोमिर दाराला कान लावून उभा होता. मग किल्ली फिरली.

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. टेबलावर संताची मेणबत्ती विझलेली. ती दिवसभर जळायला हवी असते.

"मीच विझवली," ती म्हणाली. "तडतडत होती. सहन होईना."

आत्या काठी टेकत आत आली. "पेटवू पुन्हा. आपला संत तुझ्या सासऱ्यासारखा चिडका नाही."

पुढच्या आठवड्यात तिहोमिर तिला मानसोपचारतज्ज्ञ बिसेर्काकडे घेऊन गेला. रुझित्साने बसायच्या आधीच सांगितलं, "झोपेची गोळी द्या. सोमवारी कामावर जायचंय."

"सोमवारी नाही," बिसेर्का म्हणाली. "आत्ता तुमचा जबडा किती आवळलाय, कळतंय का?"

कळत नव्हतं. हात लावून बघितलं, तेव्हा कळलं.

हिवाळा घरीच गेला. सुरुवातीला ती उलट जास्तच खचली. झोपायची, उठून रडायची, आपल्यामुळे कुणीतरी मरत असेल म्हणायची. बिसेर्का दर वेळी तिला एकच गोष्ट विचारायची, फोन उचलणारे बाकीचे कोण आहेत? रुझित्साला त्यांची नावं घ्यावी लागायची. मी घंटेची तार पुन्हा जोडली आणि बिसेर्काने सांगितलेला सराव सुरू झाला. ती कॉफी पीत बसायची, तिहोमिर सांगून घंटा वाजवायचा आणि वाजणं थांबेपर्यंत तिने उठायचं नाही. पहिल्या दिवशी कप फुटला.

वसंतात ती अर्ध्या पाळीवर परतली. अट एकच होती. अवघड फोननंतर खुर्ची सोडायची, शेजारचा सांभाळेल. हे जमलं नाही, तर हेडफोन कायमचा सोडायचा, असं तिनेच ठरवलं होतं.

पहिल्याच सकाळी एका बापाचा फोन आला. मुलीच्या घशात घास अडकला होता. मी मागेच बसलो होतो. तिचा आवाज एकदाही चढला नाही. मुलीचं रडणं ऐकू आलं, गाडी पोचली, फोन तुटला. तिने हेडफोन काढला आणि खरंच उठून अंगणात गेली. मी कॉफी घेऊन मागोमाग गेलो.

"कसं वाटतंय?"

"काहीच नाही." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "थरथर नाही, रडू नाही. गेल्या वर्षीही असंच व्हायचं, नेमान्या, आणि मला वाटायचं मी खंबीर आहे. उद्या बिसेर्काला विचारणारच आहे, पण तूच सांग, मी बरी होऊन शांत झालेय की पुन्हा बधीर होतेय, हे माझं मला कसं कळायचं?"