ओळीओळीनं उतरलेली करणी

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. पण पंचनामा लिहायला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. ते शिकवलं मी फौजदार म्हणून लागलो त्या ठाण्यातल्या एका हवालदारांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा धडा. ते निवृत्त झाले त्याच वर्षीची ही घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिंडोरीजवळच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. करणी केली म्हणून मजूर नवरा-बायकोला लोकांनी झाडाला बांधलं होतं. एका बागाईतदाराची द्राक्षबाग चार दिवसांत आकसून गेली होती. बागाईतदार भात कापायला गावी पेठला जाऊ देत नाही म्हणून मजुराची बायको त्याला वाईटसाईट बोलली होती, आणि आता बांधावर टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं होतं.

आम्ही दोघांना सोडवून ठाण्यात आणलं. मी काही विचारायच्या आत मजूर म्हणाला, "मीच केलं सायेब. बायकोला सोडा फक्त."

लिंबं किती ठेवलीस, असं मी विचारलं. तो तीन म्हणाला. आम्ही जप्त केलं होतं एकच. बायकोला वाचवण्यासाठी माणूस काय वाटेल ते कबूल करतो. जबाब घेऊन मी दोघांना पंचवटीत त्यांच्या नातलगांकडे पोचवलं.

दुसऱ्या दिवशी बागेचा पंचनामा केला. ओळ न् ओळ पाहून लिहीत गेलो. फाटकाजवळच्या वेलींची पानं पंज्यासारखी वळलेली, पुढे पुढे कमी, शेवटच्या ओळी हिरव्यागार.

"फवारणी कुठून सुरू केली होती?" मी बागाईतदाराला विचारलं.

"फाटकापासून."

"आणि करणीनंही फाटकापासूनच?"

फवारणीची टाकी कुणाची, तेही विचारलं. त्याची टाकी बिघडल्यामुळे त्यानं मेहुण्याची आणली होती. मेहुण्याकडे चौकशी केली. त्यानं त्या टाकीतून मक्यावर तणनाशक मारलं होतं आणि ती एकदाच विसळली होती; तळाशी उरलेलं आधी फाटकाजवळच्या ओळींवर गेलं असणार. टाकी जप्त केली आणि तिच्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

"मग लिंबू काय उडत आलं?" बागाईतदार हट्टाला पेटला. तेवढ्यात त्याची म्हातारी आई ओट्यावरून म्हणाली, "मीच ठेवलं रे ते. बागंला दृष्ट लागू नाय म्हणून."

तरी तो मानेना. मग ठाण्यामागे तणनाशकाचा अंशही न सोसणाऱ्या टोमॅटोची दोन रोपं लावली. त्यातलं एक त्यालाच निवडायला सांगितलं. त्या टाकीत साधं पाणी भरून त्यानंच त्यावर फवारलं. दुसऱ्यावर नव्या पंपातून. शिपाई रोज मला विचारायचे, "साहेब, आरोपीला पाणी घालू का?"

चौथ्या दिवशी त्यानं निवडलेल्या रोपाची पानं पंज्यासारखी वळली. बागाईतदारानं उकिडवं बसून एकेक पान उलटून पाहिलं. मग उठला आणि बोलावून आणलेल्या मजूर नवरा-बायकोपुढे हात जोडून उभा राहिला. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

त्याच्या श्रद्धेला मी हसलो नाही. वर्षाची मेहनत गेल्यावर माणसाला कुणाचं तरी नाव हवं असतं. ते नाव पुराव्यानं द्यायचं, की भीतीनं रचलेल्या गोष्टीनं, हे आपल्या हाती असतं. कबुलीजबाबही रचलेली गोष्ट असू शकतो, हे मी तेव्हा शिकलो. बागाईतदारानं हात जोडले त्याच संध्याकाळी काकांना पत्र लिहिलं:

"ती. काका यांस,
सा. न. वि. वि.
मजूर जोडप्यावरचा आळ आज गेला. दोघं भात कापायला पेठला निघाली. बागाईतदारानंच त्यांना गाडीत बसवलं. जाताना बाईनं टोमॅटोची रोपं मागितली. चांगलं तिला देऊन टाकलं. वळलेलं मुद्देमालात जमा आहे."