लेकीची शेवटची मॅच

दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास आला की मला लेकीच्या शेवटच्या मॅचची संध्याकाळ आठवते. टेनिस खेळत ती देशोदेशी फिरायची, पण ती मॅच आमच्या सोलापुरातच होती. ती हरून घरी आली आणि मी तिच्या खांद्याला मलम चोळायला बसले. डॉक्टर म्हणाले होते, सुया घेऊन वर्षभर खेळेल, पण पुढे हात कायमचा जाईल. तिला खेळ सोडायचा होता. वडिलांना सांगायची मात्र भीती वाटत होती, कारण तिच्या खेळापायी त्यांनी उभा जन्म कापडाच्या मागावर काढला होता. ते आले आणि दारातच उभे राहिले. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. मला बोलायचं होतं, पण तोंडच उघडेना. शेवटी तीच म्हणाली, "आप्पा, आता खेळणं होत न्हाय." ते म्हणाले, "हात वर कर बघू." हात कानापर्यंतही गेला नाही. "धागा तुटला की मी माग बंद करतो का न्हाय? तसाच रेटला तर सगळं कापड जातंय. बास कर की आता." ती म्हणाली, "मग मघापासून गप का उभे होता?" "तुझ्या तोंडावरनंच कळलं हुतं, पण तुझी आई बोलंल म्हणून थांबलो. हिची वाट बघितली असती तर तुझा हात गेला असता की!" आम्ही तिघंही लई हसलो. आता ती इथेच मुलांना शिकवते. सकाळी निघताना दोन्ही हात डोक्यावर नेऊन केस बांधते, आणि मी हातातलं काम सोडून बघत राहते.